तार वाजत असताना पेडल: स्टील गिटारच्या जुन्या रचनांचा आढावा

पेडल स्टील गिटारचा शोध कुणी लावला, या प्रश्नाला निदान चार उत्तरं दिली जातात आणि चारही उत्तरं देणाऱ्यांकडे दाखवायला काहीतरी असतं. कुणी गिब्सन कंपनीच्या ‘इलेक्ट्राहार्प’चं नाव घेतं, तर कुणी इंडियानापोलिसच्या हार्लिन बंधूंचं. कारागिरीचे चाहते कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्सबीवर अडून बसतात. कानाने इतिहास मोजणारे १९५४ साली गाजलेल्या एका गाण्याकडे बोट दाखवतात. या चौघांचं भांडण मिटत नाही, कारण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. गिटारला पेडल कुणी जोडलं हा एक प्रश्न. त्या पेडलने काय करायचं हे कुणाला उमगलं, हा दुसरा. दोन्ही उत्तरांमध्ये जवळजवळ पंधरा वर्षांचं अंतर आहे. जुन्या पेडल स्टीलच्या रचना समजून घ्यायच्या तर या पंधरा वर्षांत आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत काय घडलं ते नीट पाहावं लागतं.

सरळ दांडीची अडचण

स्टील गिटारचं मूळ हवाई बेटांत आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि पडद्यांवर बोटं दाबण्याऐवजी तारांवरून पोलादी दांडी सरकवायची, ही पद्धत ओआहू बेटावरच्या लाइए गावातल्या जोसेफ केकुकू या मुलाने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याच्या आधीच्या दावेदारांमध्ये गॅब्रिएल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या तरुणाचंही नाव येतं. हवाईचं राज्य १८९३ मध्ये उलथवलं गेलं, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत विलीन झाली आणि वादकांचे ताफे मुख्य भूमीवर फिरू लागले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर तर हवाईयन गिटारचं अमेरिकेला वेडच लागलं.

सभागृहं मोठी होत गेली तसा आवाज कमी पडू लागला. त्यावर पहिला उपाय निघाला तो धातूच्या कंपन पावणाऱ्या तबकड्यांचा. जॉन डोपियेरा यांच्या कल्पनेतून १९२७ च्या सुमारास नॅशनल कंपनीच्या रेझोनेटर गिटारी आल्या. दुसरा उपाय विजेचा. जॉर्ज बोशां यांनी नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांभोवती बसवून पिकअप तयार केला. १९३१ मध्ये लाकडी नमुना झाला आणि १९३२ मध्ये ओतीव अ‍ॅल्युमिनियमची गिटार बाजारात आली. लांब दांडा आणि गोल, चपटं अंग यामुळे तिचं नाव ‘फ्राइंग पॅन’ पडलं. बाजारात यशस्वी झालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही स्टील गिटार होती, हे रॉक संगीताच्या चाहत्यांच्या सहसा लक्षात नसतं. लिओ फेंडर यांनीही सुरुवात केली ती मांडीवरच्या स्टील गिटारी आणि अँप्लिफायर बनवूनच. टेलिकास्टर नंतरची.

आवाजाचा प्रश्न असा सुटला. सुरांचा मात्र बाकी राहिला. दांडी सरळ असते. ती तारांवर आडवी ठेवली की सगळ्या तारा एकाच रेषेवर थांबतात. म्हणजे तारा ज्या कॉर्डमध्ये लावल्या असतील तीच कॉर्ड वर-खाली सरकवता येते. आपल्या भाषेत सांगायचं तर तारा सा-ग-प अशा लावल्या, तर दांडी कुठेही नेली तरी निघणार सा-ग-पच, फक्त सा बदलेल. कोमल गंधार घेऊन उदास छटा आणायची किंवा सा तसाच ठेवून वरचे दोन सूर हलवायचे, तर दांडीला ते जमत नाही. दांडी तिरकी धरून दोन तारांवर वेगवेगळी घरं गाठण्याची युक्ती वादक वापरत, पण ती मोजक्याच ठिकाणी चालते आणि सुरात राहणं फार कठीण जातं.

माना वाढवण्याचा मार्ग

यावर सर्वात सरळ तोडगा म्हणजे एकाच वाद्याला अनेक माना द्यायच्या आणि प्रत्येकीवर वेगळी सुरावट लावायची. हा मार्ग टोकाला नेला तो शिकागोच्या लेट्रिशिया कँडल या तरुण वादक-शिक्षिकेने. १९३७ मध्ये तिने नॅशनल कंपनीकडून बनवून घेतलेल्या ‘ग्रँड लेटार’ला चार माना आणि २६ तारा होत्या आणि पुढच्या बाजूला रंग बदलणारे दिवे होते. ते मांडीवर घेणं शक्यच नव्हतं. उभं राहून वाजवायच्या स्टील गिटारची सुरुवात या अजस्र वाद्यापासून धरणारे लोक आहेत.

फेंडर कंपनीने हाच विचार सुटसुटीत केला. १९५३ ची ‘स्ट्रिंगमास्टर’ दोन, तीन किंवा चार मानांची मिळत असे. टेक्सास-ओक्लाहोमाकडच्या वेस्टर्न स्विंग संगीतात तिला मोठी मागणी होती. बॉब विल्सच्या ताफ्यात नाव कमावलेला लिऑन मॅकॉलिफ चार मानांची गिटार वाजवत असे. पण माना कितीही वाढवल्या तरी एका मानेवरून दुसरीवर जाताना हात उचलावा लागतो आणि सूर तुटतो. वाजत्या कॉर्डमधला एकच सूर हलवणं याने साधत नव्हतं.

पहिली पेडलं: सुरावट बदलायची सोय

दुसरा मार्ग पेडलांचा. त्याला नमुना होता वाद्यवृंदातल्या हार्पचा. सेबास्तियाँ एरार यांनी १८१० मध्ये पेटंट घेतलेल्या हार्पमध्ये प्रत्येक पेडल तारांचा सूर दोन टप्प्यांत चढवू शकत असे. गिब्सनने आपल्या पेडलवाल्या गिटारचं नाव ‘इलेक्ट्राहार्प’ ठेवलं, त्यात हे ऋण उघड दिसतं. या वाद्याची रचना कनेटिकट राज्यातल्या विन्स्टेड गावच्या जॉन मूर यांची. १९३९-४० च्या सुमारास ते तयार झालं. पेडलं गिटारच्या डाव्या मागच्या पायाभोवती पंख्यासारखी मांडली होती. त्या काळचा नावाजलेला बँडवाला अल्विनो रे हे वाद्य सुरुवातीला वाजवणाऱ्यांपैकी एक. दुसरं महायुद्ध आलं, कारखाने युद्धसामग्रीकडे वळले आणि युद्धाआधीच्या इलेक्ट्राहार्पचे मोजकेच नग बाहेर पडले.

साधारण त्याच काळात इंडियानापोलिसमध्ये हार्लिन बंधूंनी ‘मल्टी-कॉर्ड’ बनवली. एका पेडलला हव्या तितक्या तारा जोडता येतील, अशी तिची कल्पना होती. एपिफोन कंपनीनेही १९३९ मध्ये ‘व्हॅरिकॉर्ड’ आणली होती. म्हणजे एकाच अडचणीपाशी अडलेले अनेक जण एकाच वेळी जवळपास सारख्याच तोडग्यावर आले होते. यातला पहिला कोण हे ठरवण्यात फारसं हशील नाही.

या सगळ्यांचा हेतू मात्र एकसारखा होता. पेडल म्हणजे सुरावट बदलण्याचं बटण. एक ओळ एका सुरावटीत वाजवायची, थांबायचं, पेडल दाबून दुसऱ्या सुरावटीत जायचं आणि पुढची ओळ वाजवायची. अनेक मानांच्या गिटारचं काम एका मानेवर भागवण्याची ही काटकसर होती. पेडल दाबताना तारा गप्प असायच्या. मग ते हळू चालतं का, मध्येच सूर घसरत जातो का, याला काही महत्त्व नव्हतं. पेडल पूर्ण दाबल्यावर सूर बरोबर लागला म्हणजे झालं.

इथे थोडं भौतिकशास्त्र लक्षात घ्यायला हवं. तारेचा सूर तिच्यावरच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तार अर्ध्या सुराने चढवायला ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावा लागतो, पूर्ण सुराने चढवायला सुमारे २६ टक्क्यांनी. एका पेडलने तीन-चार तारा ओढायच्या म्हणजे पायाला बराच जोर लावावा लागतो. शिवाय हा वाढलेला ताण गिटारचं अंग सूक्ष्मसं वाकवतो आणि ज्या तारांना हात लावलेला नाही त्यांचे सूर किंचित उतरतात. वादक याला ‘कॅबिनेट ड्रॉप’ म्हणतात. पेडल स्टीलची रचना करणारा प्रत्येक कारागीर पुढची अनेक वर्षं याच्याशी झगडत राहिला.

बिग्सबी: पेडल समोर आलं

पॉल बिग्सबी हा मुळात वाद्यकार नव्हता. कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावी राहणारा हा माणूस धातू ओतण्याचे साचे बनवण्यात तरबेज होता आणि मोटरसायकल शर्यतींचा शौकीन होता. त्याच्या गिटारी पाहिल्या की हे लगेच कळतं. मान ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, अंग बर्ड्स-आय मेपल या ठिपकेदार लाकडाचं, पिकअप स्वतः गुंडाळलेला आणि प्रत्येक जोड मशीनच्या सुट्या भागासारखा नेमका. गिटार पूर्ण झाली की तो तिच्यावर अनुक्रमांकाऐवजी तारीख ठोकत असे. त्यामुळे आज कुठलीही बिग्सबी हाती आली की तिची जन्मतारीख शोधावी लागत नाही.

१९४८ मध्ये त्याने स्पीडी वेस्टसाठी तीन मानांची आणि चार पेडलांची गिटार बनवली. त्याच वर्षी मर्ल ट्रॅव्हिससाठी त्याने घडवलेली भरीव लाकडी अंगाची इलेक्ट्रिक गिटारही इतिहासात नोंदली गेली, पण तो वेगळा विषय. स्टीलच्या बाबतीत बिग्सबीने केलेला बदल वरवर साधा वाटतो. पेडलं कोपऱ्यातल्या पायाभोवती न ठेवता पुढच्या दोन पायांमधल्या आडव्या पट्टीवर ओळीने बसवली आणि तिथून सळया वर गिटारच्या पोटात नेल्या. वादक आता समोर बसून डावा पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर सहज सरकवू शकत होता आणि उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलसाठी मोकळा राहत होता. आज कुठल्याही कंपनीची पेडल स्टील पाहा, बैठक हीच आहे.

स्पीडी वेस्टने या वाद्यावर धमाल केली. तारांवर दांडी आपटणं, सूर भरधाव वर नेणं, गिटारवादक जिमी ब्रायंटबरोबर अचाट वेगाने जुगलबंदी करणं, हे सगळं कॅपिटल कंपनीच्या तबकड्यांवर ऐकायला मिळतं. पेडलं त्यातही आहेत. पण तिथेही पेडल हे प्रामुख्याने एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डकडे जाण्याचं साधन आहे.

‘स्लोली’: वाजत्या तारेवर पाय

बड आयझॅक्सने बिग्सबीकडून दोन मानांची पेडल गिटार घेतली ती १९५२ मध्ये. नोव्हेंबर १९५३ मध्ये नॅशव्हिलमध्ये वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि त्यात आयझॅक्सने इतरांना न सुचलेली एक गोष्ट केली. तारा छेडल्या आणि त्या वाजत असतानाच पेडल दाबलं. कॉर्डमधला एक सूर जागच्या जागी राहिला आणि बाकीचे दोन त्याच्याकडे पाठ फिरवून वर सरकले. सा-ग-पमधला सा स्थिर, ग चढून म झाला, प चढून ध झाला. गाणाऱ्याने एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घ्यावी तसं हे होतं, फक्त एका वेळी दोन गळ्यांनी घेतलेलं आणि तिसऱ्याने षड्ज धरून ठेवलेला.

१९५४ मध्ये हे गाणं कंट्री संगीताच्या यादीत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. हा आवाज निघतो कसा, हे ऐकणाऱ्या बहुतेक स्टील वादकांना कळेना. दांडी कितीही तिरकी धरली तरी तो निघत नव्हता. ज्यांना कळलं त्यांनी घरच्या घरी सळया, तारा आणि बिजागऱ्या जुळवून आपल्या साध्या गिटारींना पेडलं लावायला सुरुवात केली. निर्मात्यांना आणि गायकांना आपल्या गाण्यात हाच आवाज हवा होता. पेडल नसलेल्या स्टील गिटारचे दिवस नॅशव्हिलपुरते तरी तिथून भरत आले.

माझ्या मते पेडल स्टील हे स्वतंत्र वाद्य म्हणून उभं राहिलं ते इथे. मूर, हार्लिन आणि बिग्सबी यांची यंत्रं त्याआधीच तयार होती, पण त्यांच्याकडे पाहणारे सगळे त्यांना सोयीचं साधन समजत होते. आयझॅक्सने सुरावट बदलताना होणारा मधला घसरडा आवाज झाकला नाही, तोच पुढे आणला. वाद्य घडवणाऱ्यांच्या दृष्टीने जो अंतराय होता, तोच या वाद्याचा मुख्य अलंकार ठरला.

याचा परिणाम कारागिरांवर ताबडतोब झाला. आता पेडल किती वेगाने आणि किती अलगद चालतं, पायाखाली सूर किती सलग सरकतो, सोडल्यावर तार अगदी मूळ सुरावर परत येते का, हे प्रश्न कळीचे झाले. सुरावट बदलून ओळभर थांबणाऱ्याला थोडी ढिलाई चालते. एकाच ओळीत दहा वेळा पाय खाली-वर करणाऱ्याला ती चालत नाही.

एम्मन्स: एका पेडलची दोन पेडलं

आयझॅक्सचं पेडल दोन्ही तारा एकदम चढवत असे. १९५६ च्या सुमारास बडी एम्मन्स या इंडियानातल्या, जेमतेम विशीत पोचत असलेल्या वादकाने ते काम दोन पेडलांत वाटून टाकलं. एकाने फक्त पंचम धैवतापर्यंत जाणार, दुसऱ्याने फक्त गंधार मध्यमापर्यंत. दोन्ही पेडलं शेजारी असल्याने एकाच पावलाने एकत्र दाबता येतात, एकेकटी दाबता येतात किंवा पाऊल एका बाजूला कलवून एक सूर आधी आणि दुसरा मागाहून हलवता येतो. या एका फेरफारातून कॉर्डच्या आतल्या सुरांची स्वतंत्र चाल शक्य झाली. आज ज्याला ‘ई नाईन्थ’ सुरावट म्हणतात तिचं व्याकरण या दोन पेडलांवर उभं आहे. १९६२ मध्ये एम्मन्सने तिच्यात वरच्या बाजूला आणखी दोन तारा घातल्या. त्यामुळे कॉर्डच्या सुरांमधले मोकळे सूर हाताशी आले आणि दहा तारांची मांडणी पक्की झाली.

पेडलांचा क्रम कसा असावा यावर मात्र एकमत झालं नाही. एम्मन्सचा क्रम एक, तर जिमी डे या तितक्याच थोर वादकाचा क्रम त्याच्या बरोबर उलटा. आजही पेडल स्टील घेताना ‘एम्मन्स’ की ‘डे’ हा प्रश्न विचारला जातो. गुडघ्याने बाजूला सरकवायचे लिव्हर आणण्याचं श्रेय झेन बेक यांना दिलं जातं. पायाला जी कामं उरकत नव्हती ती गुडघ्यांकडे गेली. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे आणि त्यात खुणेच्या रेषांवरून नेमकं घर गाठणारे डोळे, असं हे सर्वांगाने वाजवायचं वाद्य झालं.

१९५० च्या दशकाच्या मध्यात शॉट जॅक्सन आणि एम्मन्स यांनी मिळून ‘शो-बड’ ही कंपनी काढली. दोघांच्या नावांच्या तुकड्यांतून हे नाव आलं. टेनेसीतल्या मॅडिसनमध्ये गॅरेजवजा जागेत सुरू झालेल्या या उद्योगाने नॅशव्हिलच्या वादकांना हवं तसं वाद्य त्यांच्या दारात दिलं. चमकदार मेपलचं लाकूड आणि पत्त्यांच्या चित्रांच्या खुणा, ही शो-बडची ओळख लांबूनही पटते. १९६३ मध्ये एम्मन्स तिथून बाहेर पडला आणि रॉन लॅशली यांच्याबरोबर नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनमध्ये ‘एम्मन्स गिटार कंपनी’ उभी राहिली. त्याच वर्षी त्याचा ‘स्टील गिटार जॅझ’ हा अल्बम आला आणि हे वाद्य फक्त गुराख्यांच्या गाण्यांपुरतं नाही, हेही सिद्ध झालं.

पोटातली यंत्रणा: तीन तऱ्हा

जुन्या पेडल स्टीलवर बोलणारे लोक शेवटी ‘चेंजर’वर येतात आणि ते बरोबरही आहे. चेंजर म्हणजे गिटारच्या उजव्या टोकाला एका आसावर ओळीने बसवलेली धातूची गोलसर बोटं. प्रत्येक तार आपल्या बोटावरून वळून अडकलेली असते. तेच तिची घोडी आणि तेच तिचा आधार. पेडल सळईला ओढतं, सळई बोटाला फिरवते, बोट तारेचा ताण बदलतं. डाव्या टोकाला तारा छोट्या चाकांवरून जातात, म्हणजे ताण बदलताना घासत नाहीत. हे बोट सूर चढवतं कसं आणि उतरवतं कसं, यावरून तीन तऱ्हा पडतात.

पहिली ‘पुल-रिलीज’. बिग्सबी, शो-बडच्या सुरुवातीच्या गिटारी आणि फेंडर या घराण्यातल्या. सूर चढवायचा तर बोट ओढायचं. उतरवायचा तर तार आधीच जोरकस स्प्रिंगने ताणून धरायची आणि पेडलने ती पकड सैल करायची. रचना मजबूत, पण एकाच तारेला चढवणं आणि उतरवणं ही दोन्ही कामं द्यायची म्हटलं की गुंता होतो. फेंडरने १९५७ मध्ये आणलेल्या ‘१०००’ या दोन मानांच्या आणि ‘४००’ या एका मानेच्या गिटारीत सळयांऐवजी पोलादी केबल वापरल्या. खाली केबलची आकडी दुसऱ्या जागी अडकवली की पेडलचं काम बदलतं, ही सोय तेव्हा मोठीच होती. माना आठ तारांच्या होत्या. पुढे दहा तारांचा जमाना आल्यावर त्या मागे पडल्या, तरी राल्फ मूनीने कॅलिफोर्नियाच्या बेकर्सफील्ड संगीताला दिलेला टोकदार आवाज फेंडरचाच आणि ‘फ्लाइंग बरीटो ब्रदर्स’मध्ये स्नीकी पीट क्लाइनोने आठ तारांवर केलेले चमत्कारही फेंडरवरचेच.

दुसरी ‘पुश-पुल’, म्हणजे एम्मन्स कंपनीची मूळ रचना. सूर चढवायला बोट ओढलं जातं, उतरवायला ढकललं जातं आणि पेडल मोकळं असताना बोट धातूच्या पक्क्या थांब्याला टेकून उभं राहतं. त्यामुळे तारेचं कंपन सैल सांध्यात न मुरता गिटारच्या अंगात उतरतं. या गिटारींच्या आवाजाला जी धार आणि जो भरीवपणा आहे त्याचं मूळ इथे आहे, असं बहुतेक वादक मानतात. किंमत म्हणजे जुळवाजुळव. एका पेडलचं काम बदलायचं तर खालची यंत्रणा उलगडावी लागते आणि एक स्क्रू फिरवला की दुसरा सूर हलतो. पुश-पुल नीट लावून देणारा कारागीर सापडणं ही तिच्या मालकाची कायमची विवंचना असते.

तिसरी ‘ऑल-पुल’. इथे प्रत्येक बोट दोन भागांचं असतं. एक भाग ओढला की सूर चढतो, दुसरा ओढला की उतरतो, म्हणजे ढकलण्याचं कामच उरत नाही. प्रत्येक सळईच्या टोकाला, गिटारच्या उजव्या बाजूच्या पट्टीत, एक छोटा नायलॉनचा नट असतो. बाहेरून किल्लीने तो फिरवला की त्या एका बदलाचा सूर जुळतो. पेडलांची मांडणी बदलायची तर सळई काढून दुसऱ्या भोकात घालायची. १९६० च्या दशकात डॅलसच्या एमएसए कंपनीसह अनेकांनी ही रचना घडवत नेली आणि आज बनणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेडल स्टील याच वाटेने जातात.

जुनं ते खरंच सोनं?

विंटेज गिटारींच्या बाजारात एक समज घट्ट आहे, की जुनी गिटार म्हणजे चांगली गिटार. पेडल स्टीलबाबत हे सरसकट मान्य करता येत नाही. कारण हे वाद्य लाकूड आणि तारांइतकंच यंत्रही आहे आणि यंत्र झिजतं. आडवे दांडे, खटके आणि आस यांची भोकं वर्षानुवर्षांच्या वापराने रुंदावतात, पेडलला खोट येते, सूर मूळ जागी परत येत नाही. १९७० च्या दशकातल्या काही शो-बडमधले ओतीव धातूचे ठिसूळ भाग मोडतात, ही नेहमीची तक्रार आहे. लाकूड पन्नास वर्षांत चांगलं मुरलं असेल, पण त्याने झिजलेला आस दुरुस्त होत नाही.

मग जुन्या गिटारींची ओढ निव्वळ आठवणींची का? तसंही नाही. निरनिराळ्या घराण्यांची कारणं निरनिराळी आहेत. युद्धपूर्व इलेक्ट्राहार्प किंवा मल्टी-कॉर्ड आज रंगमंचावर वाजवण्यासाठी कुणी घेत नाही. त्यांचं मोल विचाराच्या इतिहासातलं आहे. बिग्सबीचं मोल कारागिरीचं आणि दुर्मिळतेचं, कारण एका माणसाच्या हाताखालून मागणीनुसार निघालेली ती वाद्यं आहेत. फेंडर केबल गिटारी साध्या, कणखर आणि त्यांचा आवाज स्वतःचा. पुश-पुल एम्मन्सचं मोल मात्र थेट आवाजाचं आहे आणि त्यामागे सांगता येण्याजोगं यांत्रिक कारण आहे. म्हणून ऑल-पुल सोयीची असूनही पुश-पुल वाजवणारे ती सोडत नाहीत. घेणाऱ्याने आधी आपल्याला यातलं काय हवंय ते ठरवावं आणि मग गिटार उलटी करून तिचं पोट पाहावं. वरची लाकडाची झळाळी फसवते, खालच्या सळया फसवत नाहीत.

या वाद्याची वाट नॅशव्हिलपाशी थांबली नाही, हेही जुन्या रचनांच्या बाजूने बोलणारं आहे. १९६९ मध्ये पीट ड्रेकने बॉब डिलनबरोबर आणि पुढच्या वर्षी जॉर्ज हॅरिसनच्या अल्बमवर पेडल स्टील वाजवली. १९७० मध्येच आलेल्या ‘टीच युअर चिल्ड्रन’मध्ये जेरी गार्सियाने ती वाजवली. अमेरिकेतल्या ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीय चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून स्टील गिटार उपासनेचा भाग आहे. तिथल्या वादकांनी पेडल स्टीलला गायकाच्या हाकेसारखा आवाज दिला आणि रॉबर्ट रँडॉल्फने तो जगभर नेला. नायजेरियात किंग सनी अडे यांच्या जुजू ताफ्यात डेमोला अडेपोजू यांची पेडल स्टील ढोलांच्या जोडीला वाजू लागली.

आपल्याकडे पेडल का आलं नाही

भारतात स्टील गिटार आली आणि रुजली, पण पेडलांशिवाय. हवाईच्या टाउ मो कुटुंबाने १९४० च्या दशकातली काही वर्षं कोलकात्यात काढली आणि तिथल्या वादकांवर मोठा ठसा उमटवला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांची हवाईयन गिटार दुमदुमली. सिनेमाच्या गाण्यांच्या गिटारवरच्या धुना आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या जागेत वाजत, हे मराठी घरांतल्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. ब्रिजभूषण काबरा यांनी हे वाद्य रागसंगीतात आणलं आणि १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने ते घराघरांत पोचवलं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या तारा आणि चिकारी जोडून मोहनवीणा घडवली.

अमेरिकेतल्या कारागिरांनी तारांखाली सळया आणि पेडलं घातली, आपल्याकडच्यांनी तरफा घातल्या. हा फरक पैशाचा किंवा तंत्रज्ञानाचा नाही. पेडलाचा जन्म झाला तो कॉर्डमधले सूर वेगवेगळे हलवता येत नाहीत, या अडचणीतून. रागसंगीतात एका वेळी एकच स्वर बोलतो आणि मागे षड्ज अखंड असतो. त्या एका स्वराची मींड, गमक, आंदोलन हे सगळं एका तारेवर सरळ दांडीने उत्तम साधतं. विचित्रवीणा आणि गोट्टुवाद्यम वाजवणाऱ्यांना हे गिटार येण्याआधीपासून ठाऊक होतं. अडचणच नव्हती, म्हणून तोडग्याची गरज पडली नाही. हवी होती ती गुंज, आणि ती तरफांनी दिली.

श्रेय कुणाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता विभागून देता येईल. यंत्राची कल्पना मूर आणि हार्लिन यांच्या पिढीची, एकाची नव्हे. वादकाने त्याच्यापुढे कसं बसावं हे बिग्सबीने ठरवलं. ते कशासाठी आहे हे आयझॅक्सने दाखवलं. त्याचं व्याकरण एम्मन्सने बांधलं आणि त्या व्याकरणाला पुरी पडेल अशी यंत्रणा पुढच्या दहा वर्षांत कारागिरांनी घडवली. यातलं आयझॅक्सचं नाव सर्वात सहज सुटतं, कारण त्याने नवा सुटा भाग बनवला नाही, कसलं पेटंट घेतलं नाही. पण त्याच्या पुढच्या प्रत्येक रचनेला, फेंडरच्या केबलींपासून ऑल-पुलच्या नायलॉन नटांपर्यंत, एकच परीक्षा द्यावी लागली आहे: तार वाजत असताना पेडल दाबलं तर सूर कसा सरकतो. ही परीक्षा वादकाने लावली, कारखान्याने नाही. म्हणून वाद्यांचा इतिहास पेटंटच्या तारखांनी लिहिला की निम्माच लिहिला जातो, आणि पेडल स्टीलच्या बाबतीत तर सुटतो तो महत्त्वाचाच अर्धा.